गाणे कुणाच्या मुलांचे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीत शिकवावे, अशी मागणी केली की एक उत्तर तयारच असते : आधी मुलांना वाचता येऊ द्या, भागाकार जमू द्या; गाणे-बजावणे नंतर पाहू. हे उत्तर वरवर व्यवहारी दिसते. वस्तुतः ते वर्गीय आहे. शहरातील महागड्या शाळेत संगीताची खोली असते, शिक्षक असतो, वेळापत्रकात तास असतो. तेथे गाण्यापायी गणित बुडते, असे कोणी म्हणत नाही. श्रीमंताच्या मुलाबाबत जो व्यक्तिमत्त्वविकास, तीच शेतमजुराच्या मुलाबाबत चैन कशी ठरते?

कागदावर उणीव नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे असे म्हटले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच सूर आळवला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. पण पट शंभराच्या वर असेल तरच! वाडीवस्तीवरची छोटी शाळा या अटीनेच बाद होते. ज्या मुलाला शाळेबाहेर शिकण्याची काहीच सोय नाही, नेमके त्यालाच वगळायचे, हा कुठला न्याय?

यावर कडी म्हणजे दहावीचे वाढीव गुण. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना ते मिळतात. या परीक्षांची तयारी सरकारी शाळेत होत नाही. ती खासगी वर्गात, शुल्क मोजून होते. म्हणजे बापाच्या ऐपतीवर शासन गुणपत्रिकेत व्याज देते. या योजनेत लोककलांचाही समावेश आहे, हे खरे. पण हलगी वाजवणाऱ्याच्या पोराला त्याच्या घरातील वाद्याची शाळेत लाजच वाटावी, अशी व्यवस्था आपण जोपासली आहे. हलगी आणि संबळ जातीच्या खुंटीला टांगून ठेवायचे आणि स्नेहसंमेलनात ध्वनिफितीवर नाच बसवायचे, यालाच आपण कलाशिक्षण म्हणतो.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतविद्या दरबाराबाहेर आणली. आज ती दरबारातून सुटून दुकानात अडकली आहे.

उपाय अवघड नाही. शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा एक संगीत शिक्षक नेमावा. त्याने आठवड्यात ठरल्या दिवशी प्रत्येक शाळेत जावे. गावातील शाहीर, भजनी मंडळातील पखवाजवादक, संबळ वाजवणारे गोंधळी यांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. केंद्राकेंद्राला वाद्यसंच द्यावा. त्यातील तानपुरे ज्या मिरजेत घडतात, तेथील कारागिरांकडून थेट खरेदी व्हावी. एका खर्चातून मुलाला शिक्षण आणि कारागिराला काम, असा दुहेरी लाभ होतो. पैसा नाही, ही सबब टिकत नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

कार्यकर्त्यांनी केवळ निवेदने देऊन थांबू नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. त्या आराखड्यात संगीताचा तास आणि शिक्षकाची मागणी ठरावाने घालावी, तोच ठराव ग्रामसभेत मांडावा. कलापथकांच्या जोरावर ज्या चळवळी या महाराष्ट्रात उभ्या राहिल्या, त्यांच्या वारसांना गाण्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये. भाकरीच्या लढ्यात गाणे परके नव्हते; शाळेतच ते परके का असावे?