मातृत्वाची किंमत ज्येष्ठतेत का?

पाषाणहून निघालेला रस्ता महामार्ग ओलांडून सूसमध्ये शिरतो, तेव्हा मुळशी तालुक्यातील हे जुने गाव आता उंच इमारतींच्या आड शोधावे लागते. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत जी तेवीस गावे आली, त्यांत सूसही होते. हिंजवडी, बाणेर, बालेवाडीच्या कार्यालयांकडे येथून रोज सकाळी माणसे निघतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, घराचे हप्ते चालू, गावाकडचे आई-वडील अधूनमधून येऊन राहणारे, असे या वसाहतींमधले सर्वसाधारण कुटुंब. अशा घरात पहिले अपत्य येते, तेव्हा एक निर्णय बहुधा ठरलेलाच असतो. नोकरी सोडायची ती आईने. चार-पाच वर्षांनी मूल शाळेत जाऊ लागले की तीच आई पुन्हा कामाच्या शोधात निघते आणि तिला सांगितले जाते, मागची सेवा धरता येणार नाही, सुरुवात खालूनच करावी लागेल. जिला तिने काम शिकवले, ती आता तिची वरिष्ठ झालेली असते.

घरातल्या माणसांना ही गोष्ट त्या स्त्रीच्या नशिबाची वाटते. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे आणि समाज मातृत्वाकडे खरोखर कोणत्या दृष्टीने पाहतो, याची ती कसोटी आहे. व्यासपीठावरून मातेचा गौरव करणे सोपे असते. परंतु मातृत्वासाठी खर्ची पडलेली वर्षे हिशेबवहीत कोणाच्या नावे टाकायची, या प्रश्नाशी आले की तोच समाज गप्प बसतो. हा प्रश्न ज्या व्यवसायाने वारंवार आणि उघडपणे न्यायालयात नेला, तो म्हणजे हवाई सुंदरींचा. त्यांच्या लढ्याची कहाणी म्हणूनच विमानात कधी पाऊल न टाकलेल्या कुटुंबानेही समजून घेण्यासारखी आहे.

कार्यालयातील नोकरीत ज्येष्ठता म्हणजे प्रामुख्याने वेतन आणि बढती. विमानातील सेवेत तिचा अर्थ याहून व्यापक असतो. विमानात प्रमुख म्हणून कोण काम पाहणार, कोणाच्या सूचनेनुसार कोण वागणार, हे तीवरून ठरते. अनेक विमान कंपन्यांत लांब पल्ल्याचे उड्डाण कोणाला आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचे उड्डाण कोणाला, सणासुदीची सुट्टी आधी कोणाला, हेही ज्येष्ठता यादीतील क्रमांक ठरवतो. कर्मचारीकपातीची वेळ आली तर शेवटी आलेला आधी घरी जातो. तान्हे मूल घरी ठेवून कामावर येणाऱ्या आईच्या दृष्टीने यादीतील वीस क्रमांकांचा फरक म्हणजे महिन्यातील कितीतरी रात्री घराबाहेर की घरी, एवढा फरक असतो. ज्येष्ठतेचे वाद इतक्या कडवटपणे का लढले जातात, याचे उत्तर येथे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची मुळे मुंबईत, एअर इंडियाच्या सेवानियमांत सापडतात. हवाई सुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह केल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणाच्या वेळी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा सेवेतून बाहेर पडावे, असा तो नियम होता. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळे, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर आणि फार तर पंचेचाळिशीपर्यंत. त्याच विमानात तशाच स्वरूपाचे काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी या नियमाला आव्हान दिले. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिल्या गरोदरपणाबद्दल नोकरीवरून काढणे हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा आशयाच्या कठोर शब्दांत न्यायमूर्ती फजल अली यांनी ते कलम रद्द ठरवले. मुदतवाढीबाबत संचालकांना असलेला अनिर्बंध अधिकारही गेला. परंतु चार वर्षांच्या आतील विवाहावरचे बंधन न्यायालयाने कायम ठेवले. पुरुष आणि स्त्रिया हे दोन वेगळे संवर्ग असल्याने त्यांच्या सेवाशर्तींत फरक असू शकतो, हेही मान्य केले.

हा निकाल अर्धा विजय होता आणि त्याची उरलेली बाजू पुढची तीस वर्षे भोवत राहिली. वेगळा संवर्ग म्हणजे वेगळी ज्येष्ठता. विमानातील पर्यवेक्षकाचे काम पुरुषांकडेच राहिल्याने कित्येक वर्षे सेवा झालेली हवाई सुंदरीही आपल्याहून नवख्या पुरुष सहकाऱ्याच्या हाताखाली काम करी. निवृत्तीच्या वयाचा तंटा पुन्हा न्यायालयात गेला. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने कौल दिला, तर जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून स्त्रियांचे उड्डाण पन्नासाव्या वर्षी थांबवण्याची तरतूद वैध ठरवली. त्या खटल्यात एका बाजूला केबिन क्रूची संघटना आणि दुसऱ्या बाजूला हवाई सुंदरी उभ्या होत्या, ही गोष्ट बोलकी आहे. अखेर डिसेंबर २००५ मध्ये एअर इंडियाने स्त्रियांनाही पर्यवेक्षकाचे काम खुले केले. त्याला पुरुष कर्मचाऱ्यांनी आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये ते फेटाळले. पहिल्या निकालापासून या निकालापर्यंत तीस वर्षे गेली. तेवढ्या अवधीत एक संपूर्ण पिढी सेवेत आली आणि निवृत्तही झाली.

नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रिया परत आल्यावर त्यांच्या ज्येष्ठतेचे काय, हा नेमका प्रश्न मात्र अमेरिकेत अधिक स्पष्टपणे पुढे आला. युनायटेड एअरलाइन्समध्ये कॅरोलिन इव्हान्स १९६६ मध्ये रुजू झाल्या. विवाहित स्त्रीला नोकरीत न ठेवण्याच्या तत्कालीन नियमामुळे १९६८ मध्ये, विवाहानंतर, त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे तो नियम गेला आणि १९७२ मध्ये कंपनीने त्यांना परत घेतले, पण अगदी नवीन कर्मचारी म्हणून. मधल्या काळात आलेल्या मुली त्यांच्या वर गेल्या. त्या न्यायालयात गेल्या तेव्हा १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, राजीनाम्याच्या वेळी कायद्याने दिलेल्या नव्वद दिवसांत तक्रार झाली नव्हती. आता ज्येष्ठतेचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. म्हणजे अन्याय झाला हे नाकारले नाही, पण मुदत टळल्यामुळे तो कायमचा पचनी पडला.

पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच न्यायालयाचा कौल वेगळा लागला. टीडब्ल्यूए या कंपनीत १९७० पर्यंत माता झालेल्या स्त्रियांना विमानातील काम सोडावे लागे, पिता झालेल्या पुरुषांना मात्र तसे काही बंधन नव्हते. या स्त्रियांना परत घेताना त्यांची ज्येष्ठता मागील तारखेपासून धरावी, हे न्यायालयाने मान्य केले. तसे करण्यास विरोध कोणाचा होता? कर्मचाऱ्यांच्याच संघटनेचा. जुन्या स्त्रिया वरच्या क्रमांकावर आल्या तर सेवेत असलेल्यांचे नुकसान होईल, असे तिचे म्हणणे होते.

हे म्हणणे केवळ स्वार्थी म्हणून झटकून टाकता येणार नाही. जी स्त्री दहा वर्षे सलग उड्डाणे करीत राहिली, तिलाही घर होते. सासूच्या, आईच्या किंवा शेजारणीच्या भरवशावर मूल ठेवून ती रात्री-अपरात्री विमानतळावर गेली. तिने मिळवलेला क्रमांक कष्टाचा आहे. परत आलेली सहकारी एका सकाळी तिच्या डोक्यावर येऊन बसावी, हे तिला अन्यायाचे वाटले तर त्यात नवल नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देता कामा नये. सेवेत पडलेला खंड कोणामुळे पडला, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिला प्रकार नियमाने लादलेल्या खंडाचा. विवाह केला, अपत्य झाले किंवा वयाची पस्तिशी गाठली म्हणून जिला बाहेर काढले, ती स्वतःहून गेली नव्हती. तिला परत घेताना ती कधी गेलीच नव्हती असे समजून पूर्ण ज्येष्ठता देणे हाच न्याय. दुसरा प्रकार प्रसूती रजेचा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने या काळात नोकरीवरून काढण्यास मनाई केली होती आणि २०१७ च्या दुरुस्तीने सवेतन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. रजा ही सेवाच आहे. तिच्यापायी ज्येष्ठतेचा एक दिवसही कापला जाता कामा नये आणि बढतीच्या मुलाखतीत ती आडवी येता कामा नये.

तिसरा प्रकार स्वेच्छेने घेतलेल्या खंडाचा. सूससारख्या वसाहतींतील बहुसंख्य माता याच प्रकारात मोडतात. मूल वाढवण्यासाठी पाच वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीला ती पाच वर्षे सेवेत धरून द्या, असा आग्रह न्याय्य ठरणार नाही. तो सतत काम करणाऱ्या भगिनीवर अन्याय होईल. परंतु तिने आधी केलेली आठ वर्षे पुसून टाकणे हाही अन्यायच. ती आठ वर्षे तिच्या खात्यावर राहिली पाहिजेत. आठ वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांच्या खाली आणि त्याहून कमी सेवा असलेल्यांच्या वर, हेच तिचे योग्य स्थान. विमानसेवेत आग, आपत्कालीन निर्गमन, प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण ताजे असणे अत्यावश्यक असते. तेव्हा उजळणी आणि परीक्षा तिने अवश्य द्यावी. त्यात उत्तीर्ण झाल्यावर तिचा अनुभव वेतनात आणि पर्यवेक्षकाच्या पात्रतेत मोजलाच गेला पाहिजे.

चौथा प्रकार अलीकडच्या काळाने निर्माण केला आहे. येथे खंड पडतो तो कंपनीच्या पडझडीमुळे किंवा विलीनीकरणामुळे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि हजारो कर्मचारी एका रात्रीत घरी बसले. पुनरुज्जीवनाची आशा काही वर्षे तेवत राहिली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. दुसऱ्या कंपनीत गेलेल्याची जुनी ज्येष्ठता त्याच्याबरोबर जात नाही, पंधरा वर्षांचा अनुभवी माणूसही तेथे नवखाच ठरतो. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हा दोन यादींची एक यादी कशी करायची यावरून वाद उठले आणि २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि २०२४ मध्ये तिच्यात विस्ताराचे, तर एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये तिच्या भगिनी कंपनीचे विलीनीकरण झाले. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने असमान वागणुकीची तक्रार करीत एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. उड्डाणे रद्द झाली, पंचवीस जणांना काढण्यात आले आणि कामगार आयुक्तांसमोरील तडजोडीनंतर त्यांना परत घेण्यात आले. यादीचा प्रश्न आधी न सोडवता पाट्या बदलल्या की काय होते, याचा हा धडा आहे.

या सर्व तंट्यांत एक गोष्ट समान दिसते. परत आलेली आणि टिकून राहिलेली, स्त्री आणि पुरुष, या कंपनीचा आणि त्या कंपनीचा, असे कर्मचारी आपसांत झुंजतात आणि ज्या व्यवस्थापनाने तो नियम केला, ते नामानिराळे राहते. गरज सरो, वैद्य मरो, हा व्यवहार येथे उघड दिसतो. तारुण्यातील हसरा चेहरा कंपनीला हवा होता, संसारी स्त्रीचा अनुभव मात्र अडचणीचा वाटू लागला. मातृत्वाचा भार उचलायचाच असेल, तर तो सहकारी भगिनीच्या क्रमांकातून वसूल करणे योग्य नव्हे. आवश्यक तेथे वाढीव पदे निर्माण करून, वेतनातील तफावत भरून काढून तो संस्थेने उचलला पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीत गेलेल्यास पुन्हा नेमणुकीत प्राधान्य दिले, पण त्याची जुनी ज्येष्ठता परत मिळेल असे त्या कलमात म्हटले नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे काम कामगार संघटनांचे आहे. ज्येष्ठता यादी जाहीर करणे, हरकतींसाठी पुरेशी मुदत देणे आणि विलीनीकरणापूर्वीच हा करार पक्का करणे, एवढा आग्रह त्यांनी धरला तर कित्येक खटले उभेच राहणार नाहीत.

भारतीय कुटुंबव्यवस्था टिकून आहे, ती घरातील स्त्रीने आपली काही वर्षे विनातक्रार तिच्यात घातली म्हणून. त्या वर्षांना त्याग म्हणायचे आणि त्याचा दंडही तिच्याकडूनच वसूल करायचा, हे दुटप्पी वर्तन आता थांबले पाहिजे. याची सुरुवात न्यायालयात होईल तेव्हा होईल, ती घरातून आणि कार्यालयातून आजही होऊ शकते. सूसमधील आणि सूससारख्या अनेक गावांतील अशा वसाहतींत राहणारी माणसे केवळ नोकरदार नाहीत. त्यांच्यापैकी कित्येक जण कोठे व्यवस्थापक आहेत, कोठे उद्योजक आहेत, कोठे निवड समितीवर बसतात. पाच वर्षांच्या खंडानंतर अर्ज घेऊन समोर बसलेल्या स्त्रीला मधली वर्षे काय केले, असे ते विचारतात, तेव्हा आपल्याच घरातील एखाद्या स्त्रीने ती वर्षे कशी घालवली, हे त्यांनी आठवून पाहावे. त्यानंतर तिच्या आधीच्या सेवेची वर्षे यादीत कोठे लिहायची, हे ठरवणे त्यांना फारसे कठीण जाणार नाही.