कार्यकर्ता कोणती कादंबरी वाचतो?

आपल्या अभ्यासवर्गांत अहवाल वाचले जातात, ठरावांवर तासन्‌तास चर्चा झडतात. परंतु ‘सध्या कोणती कादंबरी वाचता आहात?’ असे कोणी कोणास विचारीत नाही. कादंबरी ही फावल्या वेळेची चैन, अशी समजूत त्यामागे असावी. ती घातक आहे.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, एवढ्यावर आपले टिपण संपते. तारेच्या कुंपणाआड माणसे कशी जगत होती, हे मालतीबाई बेडेकरांच्या ‘बळी’त (१९५०) कळते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक दारिद्र्याशी ज्या जिद्दीने झुंजते, ती जिद्द कोणत्याही आकडेवारीत मावणारी नाही. अशा कादंबऱ्यांत आपली भूमिका शोधीत बसू नये. त्या रस घेऊन वाचाव्यात. ज्याला माणसाच्या सुखदुःखात रस वाटत नाही, त्याचे कार्यकर्तेपण कोरडेच राहणार.

म्हणून सूचना अशी : प्रत्येक अभ्यासवर्गाच्या अखेरीस दहा मिनिटे राखून ठेवावीत. साथींनी आपण वाचीत असलेल्या कादंबरीविषयी मोकळेपणाने बोलावे, पुस्तक हातोहात फिरू द्यावे. ज्यांच्यासाठी आपण झगडतो, ती माणसे त्यामुळे अधिक ओळखीची होतील.