परीक्षा शांततेत, अभ्यास गोंगाटात

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की घरोघरी पाठांतराला जोर चढतो. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी मात्र बंद होत नाही. घोकलेले उत्तर परीक्षागृहात ऐनवेळी का आठवत नाही, याचे एक कारण येथेच आहे. गॉडन व बॅडली या संशोधकांनी १९७५ साली पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांना शब्दांच्या याद्या पाठ करावयास दिल्या. पाण्याखाली पाठ केलेले पाण्याखालीच अधिक आठवले, काठावरचे काठावर. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोंगाट व शांतता यांबाबतही हेच आढळले. परीक्षा शांततेत होते; मग अभ्यास गोंगाटात का? (वेदपाठशाळेतील संथेचा घोष हा गोंगाट नव्हे. तेथे मुखाने शिकलेले मुखानेच म्हणावयाचे असते.)

एका खोलीच्या संसारात शांतता आणावयाची कोठून? म्हणूनच वस्त्यांतील अभ्यासिकांचे मोल मोठे आहे. परंतु अभ्यासिकेच्याच दारी कर्णा लागला तर? शिवजयंती, तारखेची असो वा तिथीची, बहुधा परीक्षाकाळातच येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा-महाविद्यालयांभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र सांगितले, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई केली. इतरांच्या कर्ण्यांविषयी आपण हेच नियम तावातावाने सांगतो. आपल्या मंडपापाशी आले की उत्साह आड येतो. परीक्षांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. मंडळांशी बोलणी कार्यकर्त्यांनी वर्गणीच्या बैठकीतच उरकावीत.