वाढदिवस दोघांचा, स्वयंपाकही दोघांचा

लग्नाचा वाढदिवस म्हटला की हल्ली आधी हॉटेलचं टेबल ठरतं. पण बाजारात ताजा इसवण मिळत असेल, तर यंदा घरीच बेत करून पाहा. तळलेल्या तुकड्यांबरोबर नाशिकची सोव्हिन्यो ब्लाँ छान जाते. माशावर पिळलेलं लिंबू जे करतं, तेच तिचा आंबटपणा करतो. शागुती तिखट असेल तर तुरट रेड वाइन टाळा, तोंड अधिकच भाजतं. त्यापेक्षा किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. दोन्ही ८ ते १० अंशांवर थंड हव्यात. फ्रिजमध्ये तीनेक तास पुरे. आपल्याकडची पोर्ट वाइन गोड, ती जेवणानंतर बेबिंकासोबत.

आजी-आजोबा वाइन घेत नसतील, तर तसल्याच ग्लासांत त्यांना सोलकढी द्या. गाडी चालवत घरी जाणाऱ्या पाहुण्यालाही तीच.

आणि एक लक्षात ठेवा. ती दिवसभर गॅसपाशी आणि तो पाहुण्यांत ग्लास घेऊन बसलेला, हे चित्र आपण आई-बाबांच्या वेळी खूप पाहिलं. मसाला एकानं वाटावा, मासे दुसऱ्यानं तळावेत. पहिला घोट मात्र दोघांनी शेजारी बसूनच घ्यावा.