यकृताच्या रुग्णांविषयी बोलताना : एक जाहीर आवाहन

छत्रपती संभाजीनगरच्या समस्त नागरिकांस सविनय विनंती.

कोणाच्या पोटात पाणी झाल्याची किंवा कोणी डोळे पिवळे होऊन घाटी रुग्णालयात दाखल झाल्याची वार्ता गल्लीत पोहोचली, की प्रकृतीची वास्तपुस्त होण्यापूर्वीच ‘घेत असणार’ असा निवाडा होऊन जातो, आणि त्या निवाड्यापुढे कैफियत मांडण्याची मुभा रुग्णास नसते. वस्तुतः हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू, मधुमेह व स्थूलता यांमुळे साठणारा मेद, जन्मजात विकार अशा नाना कारणांनी यकृत दुर्बल होते. आणि ‘फॅटी’, ‘अल्कोहोलिक’ ही विशेषणे रुग्णास कमीपणा आणतात, हे ध्यानी घेऊन २०२३ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी मेदयुक्त यकृतविकाराचे नावच बदलले.

तथापि ‘तो बिचारा थेंबालाही शिवला नव्हता’ असे सांगून रुग्णाची बाजू घेणारे सज्जन मला अधिक खटकतात, कारण शेजारच्या खाटेवरील, खरोखरच मद्याने यकृत गमावलेल्या माणसाला ते नकळत वाऱ्यावर सोडतात. त्यालाही ‘बेवडा’ म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. मद्यासक्ती हा उपचारयोग्य आजार असून, त्या शब्दाच्या धास्तीने पुष्कळजण दवाखान्याची पायरी फार उशिरा चढतात. (पगाराच्या दिवशी त्याच्याच पैशाने मैफल जमविणारेही हा शब्द मोठ्याने उच्चारतात, हे जाता जाता नमूद करतो.)

‘पांढरी कावीळ’ निघालेल्या सुनेचे ताट-वाटी निराळे ठेवणे हा तर निव्वळ अज्ञानाचा शिरस्ता. ही कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी, आणि तो एकत्र जेवल्याने वा हात हाती घेतल्याने पसरत नाही. तो रक्त, दूषित सुई व शरीरसंबंध यांवाटे, आणि प्रसूतिसमयी मातेकडून अर्भकास जातो, व जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस टोचली, तर बहुतांश अर्भकांचा बचाव होतो. हिपॅटायटिस सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये या दोहोंची तपासणी व औषधे नेमलेल्या शासकीय केंद्रांत मोफत मिळतात.

तेव्हा वाळूजच्या कारखानदारांनी यकृतविकार जडलेल्या कामगाराच्या आजाराचा विषय चारचौघांत काढू नये, वार्ताहर बंधूंनी ‘दारुडा’ हे विशेषण बातमीत घालू नये, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आजाराचे कारण न पुसता, पुढची तारीख कधीची व सोबतीला कोण येणार, एवढेच विचारावे. कोणी येणार नसेल, तर आपण जावे.