तिकिटं काढून झाली होती

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मे महिन्यात व्हिडिओ कॉल आला. तिची लेक 16 वर्षांची, सॉफ्टबॉलची पिचर. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, केस बांधायला हात वर नेला की कळ येते. किती दिवसांपासून, असं विचारल्यावर आईनं सांगितलं, "दोन-तीन आठवडे झाले असतील, ताई." मग मी लेकीशी एकटीशी बोलले. ती म्हणाली, फेब्रुवारीपासून. इतके दिवस बोलली का नाहीस? "मावशी, कोलोराडोची तिकिटं काढून झाली होती."

खेळाडूंच्या दुखापती तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. दुखणं लपवण्याची कारणं पुष्कळ ऐकली आहेत: संघातून काढतील, सर रागावतील, निवड चाचणी आहे. विमानाची तिकिटं हे कारण पहिल्यांदाच ऐकलं. पण जरा खोलात गेल्यावर ते कारण तिच्या एकटीचं नाही, हे लक्षात आलं.

अमेरिकेत शाळेच्या संघाखेरीज एक समांतर व्यवस्था आहे. तिला ट्रॅव्हल बॉल म्हणतात. खासगी क्लब, वर्षभर सराव, आठवड्याअखेरीस दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या राज्यात स्पर्धा, आणि उन्हाळ्यात कॉलेजचे प्रशिक्षक खुर्च्या टाकून बघायला बसतात त्या मोठ्या स्पर्धा. क्लबची फी वेगळी, पिचिंग शिकवणाऱ्याची तासाची फी वेगळी. चांगली बॅट साडेतीनशे-चारशे डॉलरची. कित्येक स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरावं लागतं. स्वस्तातली खोली शोधलीत तर संघाला प्रवेश नाही. शिवाय कॉलेजं स्वतःच पैसे घेऊन शिबिरं भरवतात आणि 'आम्हाला तुझा खेळ बघायला आवडेल' अशी ईमेल शेकडो मुलींना पाठवतात. प्रत्येक घरात ती निवडपत्रासारखी वाचली जाते.

अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार 2024 मध्ये अमेरिकी कुटुंबानं मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर खर्च केले. 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. पण ही सरासरी झाली, तीत गल्लीतल्या मैदानावर खेळणारी मुलंही आली. माझ्या बहिणीनं गेल्या वर्षीचा हिशेब वहीत मांडला तेव्हा तो 9,000 डॉलरच्या वर गेला. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, म्हणून निभावतं. ज्यांचं निभत नाही त्यांच्या मुली त्या खुर्च्यांसमोर कधी येतच नाहीत, त्यांचा हात कितीही चांगला असो.

बदल्यात मिळतं काय? अमेरिकेत शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या आसपास. त्यांतल्या शंभरात पाच-सहा जणी पुढे एनसीएएच्या कुठल्या तरी विभागात खेळतात, आणि सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये दोनसुद्धा नाहीत. अगदी परवापर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला 12 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येत असे आणि ती वीस-बावीस मुलींत वाटली जाई. म्हणजे सरासरीनं अर्धी शिष्यवृत्ती. न्यायालयीन तडजोडीनंतर 2025-26 पासून ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरची ही मर्यादा गेली, संघात 25 खेळाडूंची अट आली. मर्यादा गेली म्हणून तिजोरी भरली असं मात्र नाही. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगची विद्यापीठं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे खेळाचा उपयोग प्रवेशापुरता. आपल्याकडून गेलेल्या घरांतली ओढ बहुधा हीच असते: पैसे नकोत, चांगल्या कॉलेजात जागा मिळू दे.

बहिणीच्या वहीवरून मी साधा गुणाकार केला. वर्षाला 8,000 डॉलर धरले आणि दहाव्या वर्षापासून आठ वर्षं धरली, तर 64,000 होतात. स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची वर्षाची सरासरी शिक्षण फी सुमारे बारा हजार. राहणं-जेवण वेगळं, हे खरं. तरी पाच वर्षांहून अधिक काळाची फी मैदानावर आधीच भरून झालेली असते.

हा गुणाकार त्या आईबापांना येत नाही असं नाही. मुलगी रोज संध्याकाळी मैदानावर असते, तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळतात, हारायला शिकते. याची किंमत वहीत मांडता येत नाही, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार दुसरी आहे. गुंतवलेला पैसा वाढत गेला की दुखण्याकडे बघण्याची घरातली नजर बदलते. आधी ती मुलगी स्वतःच बदलते.

सॉफ्टबॉलच्या पिचिंगबद्दल एक गोड गैरसमज आहे. चेंडू खालून टाकतात, म्हणून हाताला ताण नाही. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात पूर्ण गोल फिरवून कमरेपाशी चेंडू सोडतात, 43 फुटांवरून. अलाबामातल्या संशोधकांनी 1998 मध्येच मोजून दाखवलं होतं की त्या क्षणी खांद्याचा सांधा खेचणारा जोर शरीराच्या वजनाच्या जवळपास जातो, बेसबॉलमधल्या वरून टाकलेल्या चेंडूशी तुलना करण्याइतका. दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, तर या फेकीत वरून फेकण्यापेक्षा जास्त काम पडतं. माझ्या भाचीचं दुखणं नेमकं तिथेच, त्या स्नायूची कंडरा खांद्यावरून जाते त्या जागी.

बेसबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी 2014 पासून 'पिच स्मार्ट' नावाचे नियम आहेत. 15-16 वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू टाकावेत, 76 च्या वर गेले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. शालेय बेसबॉलमध्येही 2017 पासून प्रत्येक राज्याला चेंडूंची मर्यादा ठरवावी लागते. सॉफ्टबॉलच्या मुलींसाठी देशभर लागू असं असं काहीही नाही. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत पाच-सहा सामने असतात आणि चांगली पिचर संघात एखादीच. मग तीच टाकते. गेल्या वर्षी ओक्लाहोमा सिटीतल्या महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये टेक्सास टेकच्या नायजारी कॅनडीनं निर्णायक सामन्यापर्यंत संघाचा प्रत्येक चेंडू एकटीनं टाकला. त्या शेवटच्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या आणि तिला थांबवावं लागलं. 2024 मध्ये तिला त्या विद्यापीठात आणणारा करार 10 लाख डॉलरहून मोठा होता. तेरा-चौदा वर्षांच्या हजारो मुली तो आकडा तोंडपाठ म्हणतात. सलग किती चेंडू पडले हे कुणी मोजत नाही.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला 2016 पासून छापील आहे: एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो 15-16 व्या वर्षापर्यंत लांबवा, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर ठेवा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ थर असतात, कंडरा आणि स्नायू हाडांच्या वेगानं वाढत नाहीत. विश्रांती हा तिथे उपचाराचाच भाग. शिकागोच्या डॉक्टरांनी हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास करून लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा दिला: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त झाले की गंभीर अतिवापराच्या दुखापती वाढतात. भाची आठवड्याला बावीस तास खेळत होती.

हे सगळं क्लबच्या प्रशिक्षकालाही ठाऊक असतं. पण वर्षाची फी घेतल्यावर तीन महिने मैदान बंद कसं ठेवणार? 2018 मध्ये एनसीएएनं एक बरा नियम केला. अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपूर्वी कॉलेजच्या प्रशिक्षकानं मुलीशी भरतीबद्दल बोलायचं नाही. त्याआधी सातवी-आठवीतल्या मुलींना तोंडी शब्द दिले जात होते. बोलणं थांबलं, बघणं थांबलं नाही. आता सगळी तयारी त्या एका तारखेवर येऊन ठेपते.

मला विचाराल तर पहिली सुधारणा फार साधी आहे आणि ती डॉक्टरांच्या हातातली नाही. डॉक्टरांचं पत्र दाखवलं की स्पर्धेची, शिबिराची आणि हॉटेलची रक्कम परत मिळावी. दुखापत प्रतिबंधाच्या चर्चेत मी हा मुद्दा मांडला की लोक हसतात. पण पैसे परत मिळणार असतील तर मुलगी फेब्रुवारीतच बोलेल. दुसरी सुधारणा, प्रत्येक पिचरचे चेंडू स्पर्धेच्या आयोजकांनीच मोजावेत. आईबापांवर आणि प्रशिक्षकावर ते सोपवू नये, दोघांचाही जीव निकालात अडकलेला असतो.

आपल्याकडे सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांत आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही आहेत. खर्च तिथल्या पासंगालाही पुरणार नाही. तरी जिल्ह्याच्या स्पर्धेत तीन दिवस एकच मुलगी चेंडू टाकताना मी पाहिली आहे, आणि तिच्या दंडावर स्प्रे मारणारे सरही.

भाचीच्या तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. कंडरेला सूज आहे, फाटलेलं काही नाही. सहा आठवडे एकही चेंडू टाकायचा नाही, मग फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू. कोलोराडो रद्द. रात्री बहिणीचा पुन्हा फोन आला. ऑगस्टमधल्या एका कॉलेजच्या शिबिराचे पैसे भरलेत, परत मिळत नाहीत; नुसती बॅटिंग केली तर चालेल का? मी म्हटलं, हा प्रश्न तिच्यासमोर विचारू नकोस. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग बहीण म्हणाली, "ती इथेच बसली आहे, ताई. स्पीकरवर आहे."