पाठीवर आडनाव की गावाचं नाव?

सुट्टीच्या दिवसांत वेरूळ-खुलताबादच्या वाटेवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली कुटुंबं हमखास दिसतात. पाठीवर आडनाव, त्याखाली वर्ष. आता आमच्या लोह्यातूनही अशी मंडळी निघतात आणि काही जण त्यांना पाहून नाक मुरडतात. मला हा प्रकार आवडतो. तो काही नवाही नाही. आमच्या लहानपणी ईदला एकाच ताग्यातलं कापड यायचं, मोहल्ल्यातल्या टेलरकडे सगळ्या चुलत भावंडांचे शर्ट शिवले जायचे आणि उरलेल्या तुकड्यात धाकटीचा फ्रॉक निघायचा. माळेगावच्या यात्रेत पोरगं हरवलं तर 'असाच शर्ट आहे' म्हणून दाखवता यायचं, हा वरचा फायदा.

फक्त कापड बघून घ्या. फोटोसारखी रंगीत छपाई हवी म्हणून दुकानदार पॉलिएस्टर गळ्यात मारतात, कारण सब्लिमेशनची छपाई सुती कापडावर धरत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात पॉलिएस्टर घालून दौलताबादचा किल्ला चढून बघा म्हणजे कळेल. सुती शर्ट आणि एका रंगाची अक्षरं पुरेशी आहेत.

खरा प्रश्न आहे तो पाठीवर काय लिहायचं हा. एका नातलगांच्या घरी ही चर्चा ऐकली. मुलांना आडनाव हवं होतं, क्रिकेटवाल्यांसारखं. मोठे म्हणाले, "नको रे, परवासात कायकू नाव दिखाना?" त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. तरी नको. हा 'नको' आता आपल्या पुष्कळ घरांत आहे आणि त्याला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार मला नाही. लेकरांना घेऊन रात्रीच्या गाडीनं जायचं त्यांना आहे. पण मुलांना 'छपाई महाग पडते' असली थाप मारू नका. दहा-बारा वर्षांच्या पोराला खरं कारण समजतं, आणि ते घरच्यांकडून कळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर आडनाव नकोच, पण भीतीमुळे नव्हे. आडनाव छापलं की फुफी सुटते. तिची मुलं वेगळ्या आडनावाची, खालाची वेगळ्या. सहलीला मात्र तीच माणसं असतात. मराठीत ठसठशीत 'लोहा' लिहा. त्यात सगळे बसतात आणि बसमध्ये शेजारचा लगेच विचारतो, लोह्यात कुठं?

शर्ट दोन वर्षांनी फरशी पुसायला जातो. म्हणून सोबत चिकटवही करावी, शाळेत करायचो तशीच. मोबाइलमध्ये पाचशे फोटो असतात आणि फोन बिघडला की एकही नसतो. शिवाय त्या फोटोंत सगळे नसतातच. आमच्याकडे काही बुजुर्ग फोटो काढून घेत नाहीत, त्यांना ते दीनदृष्ट्या पटत नाही. अम्मी बहुधा डबे उघडत असते. वहीत या दोघींनाही जागा आहे. दादीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा काढा, आत तिच्या दखनीत तिनं त्या दिवशी काय म्हटलं ते लिहा. वाटेसाठी केलेल्या खिचड्याचं प्रमाण अम्मीला विचारून घ्या.

एसटीचं तिकीटही चिकटवा. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच प्रवास फुकट झाला होता. तेव्हा कोण कितीत गेलं हे त्या चिठोऱ्यावरून पुढच्या पिढीला कळेल. मात्र मशीनच्या तिकिटाची शाई काही महिन्यांत उडते. त्याची झेरॉक्स काढा किंवा शेजारी आकडे लिहून ठेवा.

खुलताबादला बहुतेक लोक औरंगजेबाची कबर बघून माघारी फिरतात. तिथंच मलिक अंबरचा मकबरा आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला, 1610 च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. 1626 मध्ये तो वारला. मुलांना हे आपल्या अक्षरात लिहू द्या, शुद्धलेखन तपासू नका. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी या मुलखाचे फोटो काढले ते बड्या लोकांच्या अल्बमसाठी. आपली वही वीस रुपयांची असेल, पण ती आपण भरायची आहे.

खर्च झेपत नसेल तर कंधार जवळच आहे. किल्ल्याचा खंदक आणि हाजी सय्याह सरवर यांचा दर्गा, एका दिवसात दोन्ही होतात. शर्टाच्या ऑर्डरआधी मात्र नमुना छापून बघा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नीट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. 'लोहा' त्या बाबतीत सोपं आहे.